सिंधूमावशींचं नेट कधीच अडत नाही

कुणी भानामती, चकवा असलं सांगायला लागलं की मी चहा मागवते आणि विषय बदलते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय डोकं ठिकाणावर यायचं नाही.

मी शाहीन. राहुरीत एका छोट्या इंटरनेट कंपनीत आहे. गेल्या उन्हाळ्यात घरोघरी जाऊन एकच गोष्ट बघायची होती — नेट किती वेळा रेंगाळतं. लोक म्हणतात, "नेट गेलं." अहो गेलं कुठं, रांगेत उभंय! राऊटरच्या पोटात जागा जास्त असली की तो सगळं साठवत बसतो. गाळपाच्या दिवसांत कारखान्याबाहेर उसाचे ट्रॅक्टर खोळंबतात ना, तसं. वेग झकास दिसतो, पण बोललेलं पोचायला उशीर.

मुळा धरणाच्या रस्त्याला सिंधूमावशी एकट्याच राहतात. मुलगा संदीप मस्कतला. जाताना त्याने गोठ्यावर कॅमेरा लावलेला — तिथून गाई बघायला. तो कॅमेरा दिवसभर व्हिडिओ पाठवून रांग लावत होता. मोजलं, तर मावशींचा आवाज घराबाहेर पडायलाच दोन सेकंद! इतकं वाईट घर मला तोवर सापडलं नव्हतं.

"मावशी, फोनवर बोलताना किती वेळा अडतं?"

"कवाच न्हाई."

"कधीच नाही?"

"अगं बाई, खोटं कशाला बोलू? लई झ्याक चालतंय."

तेवढ्यात संदीपचा दुपारचा व्हिडिओ कॉल आला. मी शेजारीच बसलेले. मावशी म्हणाल्या, "जेवले की. पिठलं केल्तं." मग पडद्यावर संदीपने विचारलं, "जेवलीस का आई?" मावशी म्हणाल्या, "तांबडी कालपून खात न्हाई." मग तो — "गाया बऱ्या हायेत ना?"

उत्तर आधी, प्रश्न मागून! म्हटलं, हा आमच्या रांगेचाच घोळ. चिडून कॉल चालू असतानाच राऊटरमध्ये कॅमेऱ्याला आवर घातला. परत मोजलं — उशीर जवळजवळ गायब. वा शाहीन, म्हटलं.

तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "गेली तर गेली नोकरी. शिर सलामत तर पगडी पचास. तू घरी ये."

संदीपचं तोंड मिटलेलं होतं. मी बघत होते ना... मिटलेलंच होतं. मग त्याचा चेहरा एकदम उतरला.

"आई... तुला कुनी सांगितलं?"

"कुनी म्हंजी? तूच म्हनलास की आत्ता."

"न्हाई म्हनलो गं. ओठावर आल्तं, पर गिळलं मी." आणि एवढा बाप्या माणूस ढसाढसा रडायला लागला. मावशी पडद्यावरून हात फिरवत राहिल्या.

संदीप घरी आल्यावर मी मुद्दाम गेले. विचारलं, "आईची उत्तरं तुला नेहमी अशी आधीच यायची?"

"न्हाई ताई. कायम बरोब्बर टायमाला यायची. त्या दिवशीच पयल्यांदा लवकर आलं."

म्हणजे आवाज दोन सेकंद मागे आणि मावशी दोन सेकंद पुढे... म्हणून दोघांनाही कधी अडलं नाही. मी मधला उशीर काढून टाकला. इथवर माझं गणित जमतं. पण मावशी पुढे कशा? आणि जे तो बोललाच नाही, ते त्यांनी ऐकलं कुठून? ऑफिसात विचारलं, तर साहेब हसले. "शाहीन, राऊटर उशीर करतो. घाई करायला कुठं शिकला?" मावशींना विचारलं, तर त्या माझ्यावरच वैतागल्या — "त्यो म्हनला, मी ऐकलं. त्यात काय इचारायचं?"

निघताना संदीप फाटकापर्यंत आला. म्हणाला, "ताई, सगळं ठीक हाय म्हनून मी फोन ठिवनार हुतो. बोट बटनावरच हुतं. आईचं बोलनं दोन सेकंद उशिरा आलं असतं, तर मला ऐकूच आलं नसतं."

फोन ठेवून पुढं काय करणार होता, ते त्याने सांगितलं नाही. मलाही विचारवलं नाही. आतून मावशींनी त्याला जेवायला हाक मारली, आणि तो गेला.