उपासाच्या दिवशीचा पंप

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने मला विचारले, "आजी, मला आता काहीच होत नाही. खोकला नाही, धाप नाही. मग रोज सकाळ-संध्याकाळ पंप कशाला ओढायचा?" तिकडे तिची शाळेची वेळ झाली होती आणि इकडे माझी दिवेलागण. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस, एवढेच मी म्हणाले आणि फोन ठेवला. उत्तर बरोबर होते, पण पुरेसे नव्हते. पुरेसे उत्तर फोनवर देण्यासारखे नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्या अंगणातल्या भिंतीपलीकडे तुमची काकीआजी राहते, माझी धाकटी जाऊ. मी या घरात आले तेव्हा नागपूरच्या शाळेतले इंग्रजी घेऊन आले होते. ती माझ्यानंतर आली ती बोदलकसा तलावाच्या बाजूच्या एका खेड्यातून, धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, लहानपण काढून. आमचे फारसे जुळणार नाही असे सगळ्यांना वाटले होते. पण आयुष्यभर आम्ही एकाच अंगणात धान वाळवले, आणि ती अजून मला "बाई" म्हणते.

तिला दमा आहे. पूर्वी चुरणे सुरू झाले, म्हणजे धानाची मळणी लागली, की कोंड्याच्या धुळीने तिला धाप लागे. पुढे पावसाळ्यातल्या ओलीनेही लागू लागली. मग तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन पंप दिले. निळा पंप दम लागला की घ्यायचा. तो आखडलेल्या श्वासनळ्या लगेच सैल करतो, पण त्याचा असर थोडाच वेळ टिकतो. जांभळ्या पंपात दोन औषधे एकत्र असतात. एक नळ्या बराच वेळ मोकळ्या ठेवते आणि दुसरे त्यांच्या आतली सूज हळूहळू उतरवते. तो रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरे वाटत असले तरी घ्यायचा. नंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकायचे, नाहीतर औषध तोंडात राहून जिभेवर पांढरा थर येतो. हे रंग तिच्या पंपांचे आहेत. धाकटे, तुझे वेगळे असतील. रंगावर जाऊ नकोस, कोणता पंप कधी घ्यायचा ते आपल्या डॉक्टरांकडून नीट समजून घे.

जांभळ्या पंपाने ती खरोखर सुधारली. प्लास्टिकच्या लांबट स्पेसरला पंप जोडायची, हलवून दाबायची, सावकाश श्वास ओढून थोडा वेळ आत धरायची. हे सगळे ती माझ्यापेक्षा कितीतरी आधी शिकली. एक चुरणे धापेशिवाय गेले, मग दुसरे गेले. तिचे गाणे परत आले. तिचा आवाज जुना, खडा आहे. तीजेच्या पूजेला बायका जमल्या की गाणे तिनेच धरायचे, असा आमच्या वस्तीचा रिवाज.

आमच्याकडची तीज तुम्ही पाहिलेली नाही. पुण्या-मुंबईकडे हरतालिका म्हणतात तीच, पण इकडे छत्तीसगड जवळ असल्यामुळे तिचा थाट निराळा. आदल्या संध्याकाळी कारल्याची भाजी आणि भात खायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. महादेवावर फुलांचा मांडव टांगतात, त्याला फुलेरा म्हणतात. काकीआजीचे लग्न होऊन वर्ष झाले नव्हते तेव्हा तिचे यजमान, आपले काका, तापाने इतके आजारी पडले की घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. त्या तीजेला तिने पहिल्यांदा निर्जळी उपास धरला. काका उठले. तेव्हापासून तिची एकही तीज चुकली नाही. मला व्रतांचे फारसे काही नाही, पण तिच्या या व्रताला मी कधी हसले नाही. ज्याच्यासाठी धरले तो माणूस अंगणात चालताना दिसत असला की हसू येत नाही.

मी सांगते आहे त्या वर्षी तिने चातुर्मासाचा नेम म्हणून चहा सोडला. कोणी वांगी सोडते, कोणी कांदा, तिने चहा सोडला. यात काळजी करण्यासारखे काही आहे असे घरात कोणाच्याही मनात आले नाही.

श्रावण लागला तसा तिचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागला. मी विचारले तर म्हणाली, "पाणी लागून राहिलं ना वो बाई, ओल आहे. होईन बरं." पदराच्या टोकाला निळा पंप बांधलेला असे. बोलता बोलता ती तो काढी, ओढी आणि पुढचे वाक्य बोले. काका चिडवत, "हिच्या बिडीपरीस माही बिडी बरी. माही दिवसातून विझते तरी." ती म्हणे, "तुमची बिडी बंद करा, मंग माह्यावर बोला." आम्ही हसत असू.

तीजेच्या दिवशी दुपार कलल्यावर बायका तिच्याकडे जमल्या. मी फुलेऱ्यासाठी झेंडू ओवत होते. कोणीतरी धुपाटण्यात राळ टाकली, आणि दार लावलेले असल्याने धूर खोलीतच राहिला. तिने गाणे धरले. पहिली ओळ झाली, दुसऱ्या ओळीच्या मध्यावर ती थांबली. बायकांना वाटले, शब्द विसरली, म्हणून त्यांनी ओळ पुढे नेली. मी तिच्याकडे पाहिले तेव्हा तिचे खांदे कानांपर्यंत वर चढत होते आणि गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. हातात निळा पंप होता. ती तो दाबत होती, आणि काहीच होत नव्हते.

मी धुपाटणे बाहेर नेऊन ठेवले, खिडक्या उघडल्या, तिला पुढे वाकवून बसवले आणि स्पेसर आणून निळा पंप त्यातून दिला. "जांभळा घेतला होतास ना सकाळी?" असे विचारले तर तिने मान हलवली. हो की नाही, ते कळले नाही. बोलायला श्वास नव्हता.

"पाणी पाजा तिले," एक म्हणाली.

"वेडी झाली का वो? निर्जळी आहे तिची," दुसरी म्हणाली. "वर्षाचं व्रत जाईन."

"अन् जीव गेला तं?"

काकीआजीने हे ऐकले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. ज्या बाईला श्वास पुरत नाही ती तोंड मिटून घेते, हे मी पहिल्यांदा पाहिले. तेवढ्यात काका बांधीतून आले, पोटरीपर्यंत चिखल. त्यांनी तिला उचलून गाडीत घातले, मी मागे तिला धरून बसले, आणि आम्ही तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना हिरवे धान उभे होते. रस्ताभर मी तिच्या पाठीवर हात ठेवून होते, आणि माझ्या हाताखाली ती पाठ थकत चालली आहे असे मला जाणवत होते. तिच्या नखांचा रंग मला आवडला नाही. काकांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिले. मी नजर खाली केली.

दवाखान्यात त्यांनी वेळ घालवला नाही. ऑक्सिजन लावला, सुई दिली आणि औषधाच्या वाफेचा मास्क तोंडावर बसवला. मास्कमधून पांढरे धुके येऊ लागले. थोड्या वेळाने तिच्या अंगात हात उचलण्याइतके बळ आले, आणि त्या हाताने तिने काय केले, तर मास्क बाजूला सरकवला.

"बाई," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा. "हे... पाणी... आहे का वो?"

मी काही बोलण्याआधी काका बोलले. मोठा आवाज काढून बोलणारा तो माणूस, पण त्या वेळी आवाज फाटला होता. "माह्या आयुष्यासाठी उपास करतेस अन् मलेच एकटं पाडून चालली? कायले पाहिजे मले असं आयुष्य? लाव तो मास्क."

तिने मास्क लावला. काका तिच्या पायांशी बसले. चिखल त्यांच्या पोटऱ्यांवर वाळून पांढरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उशाला टेकून बसली होती. डॉक्टरीणबाई आल्या. त्या गोंदिया शहरातल्या, हिंदीत बोलतात. त्यांनी जांभळा पंप हातात घेतला, त्याच्या पाठीवरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा पाहिला आणि विचारले, "अम्मा, ये तो भरा हुआ है. कब-कब लेती हो?"

"चाय के बाद, खाने के बाद. उपाशीपोटी औषध गरम पडते ना."

"रोज?"

"रोजच. चाय पिली का लगेच." मग ती थांबली. "पण चहा तं सोडला मी. आषाढापासून."

डॉक्टरीणबाईंनी पंप उलटून पुन्हा आकडा पाहिला.

"और उपवास के दिन?"

"उपासाले जेवण कुठून? अन् याले चूळ लागते ना, पाणी तोंडात जाते." तिने पदराला बांधलेला निळा पंप दाखवला. "हा चालते उपासाले. हा तं नुसती हवा आहे."

तेव्हा मला सगळे उमगले. चहा गेला, त्याबरोबर सकाळचा पंप गेला. श्रावणातल्या सोमवारी आणि शनिवारी ती रात्रीही जेवत नसे, तेव्हा संध्याकाळचाही गेला. तीजेला दोन्ही गेले. तिने औषध बंद केलेच नव्हते, तिच्या हिशेबी ते नेमाने चालू होते. ज्या गोष्टींना ते बांधले होते त्या मात्र एकेक करून तिने देवाला दिल्या होत्या. आतली सूज दीड-दोन महिने वाढत होती आणि निळा पंप ती झाकून ठेवत होता. जास्त वेळा निळा लागतो आहे हीच खरी धोक्याची खूण होती, आणि आम्ही तिच्यावर हसत होतो.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. हा पंप पोटात जात नाही, उपाशीपोटी चालतो, असे त्यांनी सांगितले. चूळ म्हणजे पिणे नव्हे. अचानक दम लागला तर जांभळा घ्यायचा नाही, निळाच घ्यायचा, पण निळ्याने आराम पडला नाही तर वाट न पाहता दवाखान्यात यायचे. आणि जांभळा सांगितल्यापेक्षा जास्त घ्यायचा नाही, कमीही नाही. काकांनी हे सगळे ऐकून घेतले आणि तिला आपल्या भाषेत सांगितले, "कालव्यात गाळ भरला का फाटक कितीही उचल, पाणी बांधीत येत नाही. निळा म्हणजे फाटक. जांभळा गाळ काढते. रोज काढा लागते."

"मले कळते," ती म्हणाली. "गाळ तुमच्या डोक्यात आहे. बिडी सोडा."

बिडी त्यांनी सोडली, हेही सांगून ठेवते. त्यांना पुन्हा सांगावे लागले नाही.

पुढचे वर्ष ती नीट राहिली, पण मला तीजेची धास्ती होती. डॉक्टरीणबाईंनी थोडे पाणी घेत जा असे सुचवले होते, त्यावर ती नुसती ऐकून घेत होती. आदल्या दिवशी आम्ही कारली चिरत बसलो होतो, तेव्हा मी न राहवून विचारले, "उद्या सकाळी तू दात घासतेस ना?"

"घासते तं. दात न घासता पूजेले बसते का कोणी?"

"मग चूळ?"

"चूळ भरतेच ना वो..." तिचा विळीवरचा हात थांबला. "संध्याकाळी पूजेच्या आधीबी हातपाय धुऊन भरतो आपण." तिने पुढचे कारले उचलले. मग म्हणाली, "म्हणजे उपासात पंपाले जागा होतीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम अंगणात उभी राहिले. ती मोरीच्या दगडावर बसली होती, दात घासायची करंजाची काडी बाजूला ठेवलेली. आधी जांभळा पंप, मग काडी, मग चूळ. संध्याकाळी पूजेआधी पुन्हा तसेच. शेजारीण पाहत होती. ती म्हणाली, "मोडला वो तुहा उपास."

"मोडला असन तं माह्या वाटचा तू धर," काकीआजी म्हणाली. "तुह्या मालकाले दुप्पट भेटन."

मग आत जाऊन तिने गाणे धरले. राळ कोणी टाकली नव्हती, नुसता दिवा होता. उजाडताना तिने पाणी घेतले, आणि आधी पाणी का घेतले नाही म्हणून काका तिच्यावर ओरडले. पुढच्या वर्षापासून ती दुपारी फुलपात्रभर पाणी पिते. त्याबद्दल ती कोणाशी बोलत नाही, आणि आम्हीही विचारत नाही.

आता तिचा जांभळा पंप मोरीजवळच्या कोनाड्यात, दंतमंजनाच्या डबीशेजारी असतो. चहा राहील, जाईल. दात रोज घासावेच लागतात. म्हणून धाकटे, तुझाही पंप तुझ्या ब्रशच्या पेल्याजवळ ठेव. तुला बरे वाटते आहे ते त्याच्यामुळेच.

रोज पहाटे भिंतीपलीकडून तिची खळखळून भरलेली चूळ मला ऐकू येते. ती ऐकली की मी माझा चहा ठेवते. तुझी मला इथून ऐकू येत नाही.