माकडशिंग आणि ताईचे पाहुणे

माकडाला शिंगं नसतात. माकडशिंग नावाची भाजी मात्र असते, आणि तिच्यापायी माझ्या ताईचं लग्न मोडायला आलं होतं.

आमच्या गोरेगाव खेड्याच्या माळावर ती दगडांच्या फटीत उगवते. पाऊस नसला तरी टम्म! बोटाएवढ्या हिरव्या, चौकोनी कांड्या. बॉटनी शिकणारी घरातली (खरं तर सगळ्या भावकीतली) पहिली मी. त्यामुळे हट्टा गावाहून ताईला बघायला पाहुणे आले, जय भीम झाला, पाणी झालं, पण मटण शिजेना, तेव्हा मी मोठ्या हौसेनं कांड्यांना तिखटमीठ लावून ताटली पुढे केली.

मुलाच्या वडिलांनी ताटलीकडे पोलिसासारखं पाहिलं.

"निवडुंग चारून राहिली काय, बाई?"

"न्हाई काका! निवडुंगाला पांढरा चीक असतो." मी कांडी मोडून दाखवली. "बघा, हाये का चीक?"

काकांनी आधी माझ्या बाबांना खायला लावली. बाबा मेले नाहीत. मग काकांनी एक खाल्ली, मग सहा! काकूंनीही चार. नवरा मुलानं मात्र ताटलीला बोट लावलं नाही.

ताटं वाढली. काका अर्ध्या भाकरीवर थांबले, काकू दोन घासांवर.

माय चुलीपाशी कुजबुजली, "पोरगी पसंत न्हाई त्यांना. न्हाईतर मटण सोडतं व्हय कुणी?"

ओसरीत काका काकूंच्या कानाला लागले, "कायतरी चारलं आपल्याला. भूकच गेली!"

मधल्या दारात मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. खरं सांगणं मला कर्तव्य वाटलं.

"काका, घाबरू नका. ते खाल्लं की भूक मरतेच. गुराखी त्याच्यासाठीच खातात." (मला हे पाठ होतं. फक्त वेळेवर आठवलं नाही. परीक्षेतही असंच होतं.)

"म्हंजे मटण वाचवायला?" काका उठून चपला शोधू लागले. बाबांनी माझं अॅडमिशन रद्द केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात पंगतीतून आवाज आला, "भाकरी हाये का अजून?"

नवरा मुलगा! चौथी भाकरी मागत होता, ताई वाढत होती आणि दोघंही हसत होती.

काकांनी हातातली चप्पल खाली ठेवली. "ज्याला पसंत करायचं, तो तर जेवून राहिला!"

लग्न झालं. आता मी हट्ट्याला गेले आणि मटण शिजत असलं, की काका आधी माझ्यापुढे कांड्यांची ताटली सरकवतात.

"घ्या, बॉटनीवाल्या बाई. मटण आज जरा कमीच हाये."