पालथं टोपलं
जवसाच्या तेलात कांदा-लसूण लाल झाला की मला प्लेगच्या सालातली ती सांज आठवते. मी तेव्हा नवी सून. घरच्या चुलीवर मांसमच्छी चालत नसे, म्हणून अंगणात तीन दगड मांडून कढईत कोंबडी परतत होते. कारंज्याच्या बाजारात भाजी विकून सासरे उपाशीच आले होते, न्हाणीत हातपाय धूत होते. तेवढ्यात आढ्यावरून ओसरीत उंदीर पडला, झोकांड्या खात फिरला आणि थंड झाला. घरात उंदीर पडला की भरल्या ताटावरून उठून मळ्यातल्या झोपडीत जायचं, हे गावातलं लहान पोरही जाणत होतं. सासूबाईंनी त्यावर भाकरीचं टोपलं पालथं घातलं आणि मला दटावलं, “चूप राह्य. दिवसभराचा उपाशी माणूस हाय. त्याले जेवू दे, मंग सांगू.” सासरे त्या टोपल्याशेजारीच मांडी घालून बसले आणि रस्सा मागून मागून जेवले. साथ ओसरल्यावर आम्ही मळ्यातून घरी परतलो, तेव्हा सासरे नव्हते. वाटेत सासूबाईंनी मला एवढंच विचारलं, “पोटभर जेवले व्हते ना वं थे?” मी हो म्हणाले. अजूनही कांदा लाल झाला की मी मनात हो म्हणते.