पॅनमन प्यालाय का?

"तुम्ही केमिस्ट आहात. हा प्यालाय की नाही, ते वासावरून सांगा," मॅनेजरसाहेब मला म्हणाले. समोर उसाचा पाक शिजवणारा पॅनमन शांतवन डोळे मिटून डोलत होता आणि कुठल्याच मुलखात नसेल अशा भाषेत पुटपुटत होता. साहेबांना मळीच्या दारूचा संशय होता. ड्युटीवर प्यालेल्याला त्याच दिवशी घरचा रस्ता, असा नियम. शांतवनचं अख्खं घर या नोकरीवर होतं.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात होतो. मी वास घेतला. मळीचाच आला. पण तो आमच्या सगळ्यांनाच यायचा, साहेबांनासुद्धा.

शांतवनला हाक मारली, तसे त्याने डोळे उघडले. तो राहुरीच्या पेंटेकॉस्टल ख्रिस्ती मंडळींच्या सभेला जायचा. अंगात पवित्र आत्मा उतरला की अशी वाणी येते, म्हणाला. "येशूच्या पैल्या शिष्यांनाबी लोक प्यालेलेच म्हनले हुते, सायेब."

पॅन म्हणजे मोठं बंद भांडं. आतली हवा ओढून घेतली की पाक कमी आचेवर उकळतो आणि दाट होत जातो. आधी साखरेचा एकही दाणा नसतो. मग एकदम उठतो. त्या वेळी पाक सांभाळला नाही, तर मागाहून बारीक दाणा उठतो आणि साखर नीट निघत नाही. त्याला आम्ही खोटा दाणा म्हणतो. दाण्याची वाट बघतानाच शांतवनची प्रार्थना चालायची.

"म्हणजे दाणा केमिस्ट्रीने येतो की प्रार्थनेने?" साहेबांनी खवचटपणे विचारलं. पाक पुरेसा दाट झाला की येतो, असं मी सांगितलं.

शांतवनने मान डोलावली. "व्हय की. देव काय वरून साखर टाकत न्हाई. ह्याच पाकातून दाना उठवतो."

मला ते फार आवडलं. दाणा कसा उठतो ते मी शिकलो होतो, पण तो उठताना पाहून दर वेळी नवल वाटायचंच.

मी साहेबांना म्हटलं, वासावरून कळायचं नाही, हा पॅन त्याला करू द्या. खोटा दाणा निघाला तर घरी पाठवा. साहेब तिथेच ठाण मांडून बसले. बोलून गेलो खरा, पण शुद्धीतल्या माणसाचाही पॅन बिघडतो.

शांतवन काचेवर नमुना घ्यायचा, उजेडाला धरायचा, पुन्हा घ्यायचा. शेवटी त्याने काच माझ्या हातात दिली. दाणा एकसारखा, स्वच्छ. साहेबांनी पाहिला आणि "ठीक" म्हणून निघून गेले. मला इतका आनंद झाला की मी शांतवनला माझ्या पैशाने चहा पाजला. माणूस प्यालाय का हे ठरवायचं, तर आधी त्याचं काम बघावं, एवढं मी शिकलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा हुकूम आला: पॅनवर प्रार्थना करायला हरकत नाही, पण मराठीत करावी. शांतवनने तो पाळला. दाणा पूर्वीसारखाच येत राहिला.

एकदा मी त्याला चिडवलं, "काय रे, देवाला मराठी चालते का?"

"देवाला समदं चालतं, सायेब. मराठीबिगर मॅनेजरसायबालाच समजत न्हाई."