पेवाजवळचं मांडूळ

लढाई म्हणे समुद्रापार चालली होती, पण तिच्यापायी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. जिकडे पाहावं तिकडे कापूस. तिकडचा कापूस बंद पडून इथला भाव चढला तशी मामंजींनी ज्वारीची सगळी जमीन कापसाखाली घातली. भाकरीपुरती जुनी ज्वारी काय ती अंगणातल्या पेवात होती. जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड शेणामातीने लिंपलेलं.

त्या पेवाच्या कडेला एक मांडूळ राही. जाडजूड, सुस्त, शेपूट असं बोथट की तोंड कुठलं ते कळू नये. सासूबाई पेव लिंपताना त्याच्या बिळाची जागा तेवढी सोडत. मी लग्न होऊन नवीनच आलेली. मला भारी किळस यायची.

एके दिवशी रेच्यावर, म्हणजे हाताने फिरवायच्या लाकडी चरकावर, सरकी काढायला आलेल्या बायांनी कापूस उपसला, तर खाली ते वेटोळं घालून पडलेलं. बाया किंचाळत अंगणाबाहेर. मांडूळ चाटलं की कोड फुटतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. ते असेपर्यंत कोणी रेच्याला हात लावेना, आणि अकोल्याला जायच्या गाड्या दारात उभ्या.

मामंजींनी कुदळ उचलली.

“मारू नोका त्याले,” सासूबाई आडव्या आल्या. “पेवाचे उंदीर तेच खाऊन राहिलं.”

“अन् बाया गेल्या त सरकी तू काढशीन?”

झालं, एका घावात संपलं. गाड्या निघाल्या. मामंजी अकोल्याहून सासूबाईंना नवं लुगडं घेऊन आले.

आषाढात पेव उघडलं. वरवर ज्वारी होती. हात घातला तर खाली नुसता कोंडा, लेंड्या आणि बाजूने पोखरलेली बिळं. बाजारातही ज्वारी मिळेना, सगळ्यांनीच कापूस लावलेला.  सासूबाई मामंजींना चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्या पावसाळ्यात आम्हाला वाढून त्या मागून जेवत, म्हणजे जेवत नसत. जीव तुटायचा माझा.

दिवाळीनंतर मामंजी हिवरखेडकडून टोपली घेऊन आले. कोडाला भिणाऱ्या त्या माणसाने उघड्या हातांनी तिच्यातून एक मांडूळ उचललं आणि पेवाच्या कडेला ठेवलं.

“राह्य बापा इथं,” ते म्हणाले.

सकाळी ते निघून गेलेलं होतं.

सासूबाई मात्र पुढेही पेव लिंपताना ती जागा सोडत राहिल्या. मामंजी ते पाहत आणि आत निघून जात.