हार्ली लॅम्ब्राइटची न दिसणारी वायर

१८ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. नॅडीन प्रुइट नावाच्या बाई ८,८५० डॉलरचा चेक पर्समध्ये घालून आपला ट्रेलर न्यायला येणार होत्या. वेळ चारची ठरली होती. पावणेसात वाजले तरी त्यांचा पत्ता नव्हता, आणि हार्ली लॅम्ब्राइट आपल्या शेडच्या दारात उभा राहून टोपी काढत होता, पुन्हा घालत होता.

हार्ली आमिश आहे, म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. शिपशेवाना गावाच्या आमच्या बाजूला निम्मी वस्ती त्यांचीच. घोडागाडी, साधे कपडे, घरात वीज नाही. आणि गाडीमागे जोडून न्यायचे ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरं, बनवण्याचे कारखानेही याच बाजूला. त्यामुळे ज्यांच्या घरात एक बटण नाही अशी माणसं दिवसभर दुसऱ्यांच्या घरांत वायरी ओढतात. इथं त्याचं कुणाला नवल वाटत नाही. बाहेरच्या कुणी खोचकपणे विचारलंच, तर हार्ली म्हणतो, "शवपेट्या बनवणारा सुतार काय रोज तिच्यात झोपतो?"

आठवीनंतर त्याची शाळा सुटली. अठराव्या वर्षी तो कारखान्यात लागला आणि एकोणीस वर्षं वायरिंगच करत राहिला. त्याच कारखान्यात मी हिशेब लिहितो, म्हणून त्याचा पगार दर आठवड्याला माझ्या हातून जाई. काम पहाटे पाचला सुरू होतं, म्हणजे घर चारला सोडायचं. पाच मुलं, पण बाप न्याहारीला दिसायचा फक्त सुटीच्या दिवशी. एकदा सर्दीने घरी राहिला, तर धाकटीने त्याला टेबलाशी बघून विचारलं, "आज कुणाचं लग्न आहे?" पुढच्या महिन्यात त्याने नोकरी सोडली आणि घराशेजारच्या शेडमध्ये स्वतःचं काम काढलं.

कारखान्यातला मुकादम भला माणूस. म्हणाला, "तुझी जागा एक नोव्हेंबरपर्यंत धरून ठेवतो. मग माझ्या मेव्हण्याला देईन."

नॅडीनबाईंचा तेरा फुटी ट्रेलर हे त्याचं पहिलं काम. बाई फोर्ट वेन शहरात शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. छोटे ट्रेलर घेऊन भटकणाऱ्या बायकांचा त्यांचा एक गट आहे. "मला आवडला तर आणखी दोघी ऑर्डर देणार," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या दोन ऑर्डरी आल्या की हिवाळा निघत होता. नाहीतर पुन्हा पहाटेचे चार.

काम त्याने जीव ओतून केलं होतं. भिंतीच्या प्रत्येक उभ्या पट्टीला मधोमध भोक, भोकाच्या कडा घासून गुळगुळीत, आणि पुढे कुणी स्क्रू मारला तर वायरला लागू नये म्हणून भोकासमोर पोलादाची चकती. मग वरून बर्च लाकडाच्या फळ्या, त्यांना तीन हात वॉर्निश. मी आधीच्या शनिवारी दुपारी जाऊन आतून सगळं पाहिलं होतं. वायर इंचभरही दिसत नव्हती. मीही मान डोलावून आलो.

बाई सातला आल्या, तेव्हा मीही हार्लीपाशी शेडमध्येच होतो. "माफ करा, रस्ता चुकले. चौतीस वर्षं मुलांना वेळेवर पोचवलं, आता स्वतःला पोचवता येत नाही."

त्या हौसेने ट्रेलरची पायरी चढल्या. आत काळोख होता. त्यांचा हात दाराशेजारच्या भिंतीवर फिरला. वर, खाली, पुन्हा वर.

"बटण कुठाय रे?"

"टेबलापाशी, पलंगाच्या उशाला," हार्ली बाहेरून म्हणाला.

"म्हणजे मी अंधारात टेबलापर्यंत जायचं?"

"दिवा तिथेच आहे ना."

"दिवा आहे रे बाळा, पण तो लावायला मी जाऊ कशी?"

हार्लीने माझ्याकडे पाहिलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याच्या घरी दिवा टेबलावर असतो, आणि जो लावायचा तो दिव्यापाशी जाऊनच लावतात. कारखान्यात तो आखलेल्या खुणांपर्यंत वायर आणून सोडी. बटणं बसवणारा माणूस पुढे वेगळा होता. दारापाशी एक खूण नेहमी का असते, हे विचारायची वेळ एकोणीस वर्षांत आली नव्हती. मी पाहिलं ते भर दुपारी, म्हणून माझ्याही ध्यानात आलं नाही.

"मी बासष्ट वर्षांची आहे," बाई म्हणाल्या. "रोज रात्री अंधारात ठेचकाळायचं माझं वय नाही. चेक उद्या दोनपर्यंत पर्समध्ये राहील. रविवारी मला केंटकीत पोचायचंय."

हार्लीने वॉर्निश केलेल्या फळीवर हात फिरवला. "ही काढली तर फुटेल. नवी लावली तर वॉर्निश वाळायलाच दोन दिवस."

तेवढ्यात त्याची बायको वेल्मा आली. "बोलणं जेवून करा. आणि नॅडीन, तुम्ही कुठे जाणार आता? या दिवसांत एकही मोटेल रिकामं नसतं. राहा इथंच."

जेवायला कुस्करलेल्या बटाट्यावर चिकन नूडल्स आणि बिटाचं लोणचं होतं. जेवण झाल्यावर बाई हात धुवायला गेल्या आणि न्हाणीघराच्या दारात उभ्या राहून भिंत चाचपू लागल्या. वेल्मा पोट धरून हसली.

"शोधा, शोधा! आमच्या हार्लीने इथली वायर इतकी छान लपवलीय की त्यालाही सापडत नाही."

बाईही हसल्या. हार्ली मात्र त्यांच्या हाताकडे बघत होता.

सकाळी सहाला त्याने बाईंना ट्रेलरच्या पायरीशी उभं केलं. "डोळे मिटा आणि आत जा. विचार करू नका."

"मिटून? पडले तर?"

"पडायच्या आत बटण शोधा."

बाई चढल्या. हात जिथं टेकला तिथं हार्लीने पेन्सिलीची फुली मारली. तीनदा चढवलं. तिन्ही फुल्या चार बोटांच्या आत आल्या.

"आता फळी फोडणार?" मी विचारलं.

"फळीला कशाला हात लावू, हिशेबवाले? भिंतीला दुसरी बाजू असते."

त्याने बाहेरून कोपऱ्याच्या पट्ट्या काढल्या, एकेक स्क्रू सोडवला आणि दाराकडच्या अंगाचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा केळीच्या सालीसारखा उतरवला. आतली भिंत पाठीकडून उघडी झाली. मला त्याने गावात पिटाळलं, कारण जिन्यातला दिवा जसा वरूनही लागतो आणि खालूनही, तशी दोन बटणं हवी होती.

"टेबलाचं काढून टाक ना," बाई म्हणाल्या.

"अंथरुणात पडल्यावर दिवा घालवायला दारापर्यंत जाणार? मग परत ठेचकाळाल."

बाईंनी पलंगाकडे मान वळवून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे मला सुचलं नव्हतं."

"मला तुमचं सुचलं नव्हतं. फिटंफाट."

वायर पट्ट्यांमधून ओढली, आतल्या फळीला फुलीच्या जागी बटणापुरती चौकोनी खाच पाडली, पत्रा पुन्हा चढवला. दीड वाजता हार्लीने शेडची दारं लावून आत अंधार केला. बाई डोळे उघडे ठेवून चढल्या. पहिल्याच स्पर्शाला दिवा लागला. मग त्या पलंगावर आडव्या झाल्या आणि तिथून घालवला. पुन्हा लावला. पुन्हा घालवला. सहा-सात वेळा.

"बॅटरी उतरेल," हार्ली म्हणाला.

बाईंनी पर्स उघडली. "दोघींचे फोन नंबर चेकच्या मागे लिहिलेत. एक डावखुरी आहे. तिला आधी डोळे मिटून चढव."

त्या गेल्यावर हार्ली अंगणाच्या टोकाच्या फोनच्या खोपीत गेला, कारण घरात फोन ठेवत नाहीत, आणि मुकादमासाठी निरोप ठेवला: जागा मेव्हण्याला द्या.

दोन बटणं मी माझ्या पैशाने आणली होती. हार्ली म्हणतो चूक त्याची, पैसे तोच देणार, बाईंच्या बिलात घालू नका. बाईंनी फोनवर सांगितलं, दोन्ही बटणं आपण वापरतो, तेव्हा पैसे आपणच देणार. १३ डॉलर ५९ सेंट. मला अजून कुणाकडूनच मिळालेले नाहीत.