विहीणबाईंचा घाम

तुम्ही बिस्किटं घ्या, मी सांगतो. हसायचं असेल तर शेवटी हसा, कारण माझी शोभा तिथेच झाली आहे.

हल्ली जो तो उठतो आणि हार्मोन म्हणतो. भाचीचं वजन वाढलं, म्हणे हार्मोन. शेजारच्या साहेबांची चिडचिड होते, म्हणे थायरॉइड. अहो, रविवारी दोन-दोन प्लेट मिसळ चापायची आणि बोल लावायचा गळ्यातल्या ग्रंथीला! आमच्या लहानपणी माणसं जाड असायची, तापट असायची, झोपाळू असायची; ग्रंथी कुणालाच नव्हती.

मी नाशिक रोडला प्रेसमध्ये नोकरी केली. छपाईतला दोष शोधायचा, हेच काम. केसाएवढी रेघ सरकली तरी माझ्या नजरेतून सुटायची नाही. त्यामुळे माणसंही मी तशीच तपासतो. माझी बायको सुनंदा म्हणते, माणूस म्हणजे छापील कागद नव्हे. पण तिचं कोण ऐकतो?

तर जानेवारीत आमच्या पल्लवीला बघायला लासलगावची मंडळी आली. पोरांचं आधीच जमलेलं होतं, दोघं पुण्यात एकाच कंपनीत. कार्यक्रम नुसता नावाला. "बाबा, तुम्ही फक्त गोड बोला," एवढंच पल्लवीने मला बजावलं होतं. मुलाचे वडील कांद्याचे व्यापारी, आई शाळेत विज्ञान शिकवणारी. कांद्यातला पैसा म्हणजे माज असणारच, हे मी ते यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

थंडी अशी, की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवत होते. सगळे स्वेटरात. पोहे आले, पल्लवी समोर येऊन बसली, आणि मुलाच्या आईने अंगावरची शाल काढून बाजूला टाकली. तोंड लालबुंद. हातातली बशी खाली ठेवली आणि पदराने वारा घ्यायला लागल्या.

झालं! मुलगी बघितली आणि बाईंचा पारा चढला. दुसरा काय अर्थ होतो याचा, तुम्हीच सांगा.

मी विचारलं, पंखा लावू का? "लावा हो, उपकार होतील," त्या म्हणाल्या. बघा, टोमणा! मी पंखा फुल केला. मुलाच्या वडिलांनी मफलर कानावर ओढला. चहा गार झाला, मुलगा शिंकायला लागला, आणि बाई उठून सरळ गॅलरीत गेल्या, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. सुनंदा मला डोळ्यांनी खुणावत होती. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

थोड्या वेळाने बाई कपाळ पुसत आत आल्या आणि म्हणाल्या, बाहेर बरं वाटलं. म्हणजे आमच्या घरात बरं वाटत नाही! माझा तोल सुटला.

"ताई, मुलगी पसंत नसेल तर तोंडावर सांगा. ही नाटकं आमच्याकडे चालत नाहीत. कांद्याच्या लिलावाला नाही आलात तुम्ही."

पल्लवीचे डोळे भरून आले. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. "चला, लय झालं," म्हणत त्याचे वडील उठले आणि चपला शोधायला लागले. जरा जास्तच बोललो हे मलाही कळलं, खोटं कशाला बोलू? पण आता मागे कसं फिरणार?

बाईंनी मात्र नवऱ्याला हाताला धरून बसवलं. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, मुलगी मला फोटो बघितला तेव्हापासून पसंत आहे. हा घाम रागाचा नाही, वयाचा आहे. पाळी बंद व्हायच्या काळात बाईच्या पोटातल्या ग्रंथी, म्हणजे अंडाशयं, हळूहळू रिटायर व्हायला लागतात. रक्तातला हार्मोन उतरतो. मग मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी जी जागा आहे ना, ती गोंधळते. अंग गारच असतं, पण तिला वाटतं तापलं. की सोडला घाम. थोड्या वेळाने आपोआप जातं."

मी तरी हार मानतो का? छे. मी म्हटलं, "असं काही नसतं. माझी बायको तुमच्याच वयाची आहे. तिला कधी झालं नाही."

सुनंदाने हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"दोन वर्षं होतंय," ती शांतपणे म्हणाली. "रात्री उठून पंखा लावते. सकाळी हे म्हणतात, बटण बिघडलंय, पंखा आपोआप सुरू होतो. दोनदा इलेक्ट्रिशियन येऊन गेला."

मुलाचे वडील असे हसले, की मफलर सुटून पोह्यांत पडला. पल्लवी रडता रडता हसत होती. माझ्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती.

लग्न ठरलं. याद्या, मानपान, हॉल, सगळं सुनंदा आणि विहीणबाईंनी आपसात ठरवलं. मुलाकडच्यांनी अट एकच घातली, आणि ती आमच्या घरात माझ्याशिवाय सगळ्यांनी मंजूर केली: पुढच्या बैठकीला मुलीच्या वडिलांनी जरूर यावं, पण फक्त पोहे द्यायला.